सिंगापूर-हाँगकाँगचे चिनी: ब्रिटिश प्रजा की चीनची प्रजा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंगापूर-मलेशिया फिरून आलेली मंडळी, हाँगकाँगच्या बातम्या वाचणारे, आणि हल्ली स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुलं, सगळे मला साधारण हेच प्रश्न पाठवत असतात. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवते. मी काही वर्षं सिंगापूरला राहिले, तिथे शेजारच्या आजींकडून हा विषय पहिल्यांदा ऐकला आणि तेव्हापासून तो डोक्यातून गेलेला नाही. सोपे प्रश्न आधी घेतलेत, किचकट नंतर. एखादी गोष्ट आधी येऊन गेली असेल तर तिथला नंबर दिलाय, परत लिहीत बसले नाही.

१. मुळात भांडण कशावरून होतं?

एकाच माणसावर दोन सरकारं हक्क सांगत होती, आणि कधीकधी दोघंही हात वर करत होती. ब्रिटिश कायदा मातीवर चालायचा, म्हणजे राजाच्या राज्यात जन्मलात की तुम्ही राजाची प्रजा, आईबाप कुठले का असेनात. हा नियम इंग्लंडमध्ये १६०८ च्या कॅल्व्हिन खटल्यापासून पक्का झालेला. चीनचा विचार रक्तावर, बाप चिनी तर पोरगा चिनी, मग जन्म सिंगापूरचा असो नाहीतर लंडनचा. आता सिंगापूरला चिनी बापाच्या घरी मूल जन्मलं तर ते पहिल्या दिवसापासून दोन्हीकडचं. घरी बसून राहिलं तर काही बिघडत नव्हतं. बोटीत बसून ते चीनला गेलं की खरं त्रांगडं सुरू व्हायचं (प्रश्न ५).

२. 'ब्रिटिश राजवट' म्हणजे नेमके कोणते भाग? यात भारत येतो का?

मुख्यतः दोन. एक, स्ट्रेट्स सेटलमेंट्स, म्हणजे पेनांग, मलाक्का आणि सिंगापूर, १८२६ मध्ये एकत्र केलेली. दोन, हाँगकाँग, १८४१ मध्ये ताब्यात घेतलेलं आणि १८४२ च्या नानकिंग तहाने मिळालेलं.

भारताचा संबंध लोकांना वाटतो त्यापेक्षा जास्त आहे. १ एप्रिल १८६७ पर्यंत सिंगापूरचा कारभार कलकत्त्याहून चालायचा, त्यामुळे तिथल्या चिन्यांना ब्रिटिश प्रजा करून घेण्याचा पहिला कायदा पण हिंदुस्थानचाच होता (प्रश्न ९). भारतात राहणाऱ्या चिन्यांबद्दल मात्र शेवटच्या प्रश्नात लिहिलंय, कारण ती गोष्ट वेगळ्या वळणावर गेली.

आणखी एक. क्वालालंपूर, इपोह वगैरे मलय संस्थानं यात सरळ धरू नका, तिथला नियम वेगळा होता (प्रश्न १२).

३. चीनने असा कायदा केला कधी? आधीपासूनच होता का?

लेखी कायदा फार उशिरा आला, १९०९ च्या मार्चमध्ये, चिंग राजवटीच्या अगदी शेवटी. बाप चिनी असेल तर मूल कुठेही जन्मलं तरी चिनी, असं त्यात पहिल्यांदा स्वच्छ लिहिलं गेलं. घाई का झाली, तर डच सरकार जावा-सुमात्रातल्या चिन्यांना आपली प्रजा ठरवायच्या तयारीत होतं. तो डच कायदा १९१० मध्ये आलाच.

त्याआधीची गंमत नाही, दुःखच आहे म्हणा. कितीतरी वर्षं चीनमध्ये परदेशी जाणं हाच गुन्हा होता. देश सोडला म्हणजे पूर्वजांची थडगी सोडली, बादशहाकडे पाठ फिरवली, अशांची सरकारने काळजी का करायची? १८६० च्या पेकिंग करारात लोकांना बाहेर जाऊन काम करायची मुभा द्यावी लागली, पण जुनी बंदी रीतसर उठली ती १८९३ मध्ये. मधल्या काळात दरबाराच्या लक्षात आलं होतं की ही 'पळून गेलेली' माणसं आता श्रीमंत झालीत, दुष्काळात मदतीला पैसे पाठवतात. सिंगापूरला १८७७ पासून चीनचा कॉन्सुल (परदेशात आपल्या लोकांचं बघणारा सरकारी प्रतिनिधी) बसला, आणि १८९१ मध्ये कॉन्सुल जनरल म्हणून आलेले ह्वांग चुन्शियान (ते मोठे कवीही होते) गावी परत जाणाऱ्यांना संरक्षणाचे दाखले देऊ लागले, कारण गावातले अंमलदार आणि भाऊबंद परत आलेल्यांना लुबाडायचे.

म्हणजे माणसं तीच होती, आधी गुन्हेगार, मग आपली. माझ्या मते हा सगळा विषय समजून घ्यायची किल्ली इथेच आहे. आपलं कोण आणि परकं कोण हे सरकारं गरजेप्रमाणे ठरवत होती.

४. हे लोक स्वतःला काय समजायचे? त्यांना कोणी विचारलं का?

एकच उत्तर नाही, घरागणिक बदलतं.

मलाक्का-पेनांग-सिंगापूरला पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या चिन्यांना बाबा किंवा पेरानाकन म्हणतात. घरात मलय मिसळलेली भाषा, बायका सारोंग नेसणाऱ्या, जेवणात नारळ, सुकी कोळंबी आणि मिरची, मुलं इंग्रजी शाळेत. यातल्या पुढाऱ्यांनी १९०० मध्ये स्ट्रेट्स चायनीज ब्रिटिश असोसिएशन काढली आणि आम्ही राजाचे चिनी आहोत असं ठासून सांगितलं. हे नुसतं लांगूलचालन होतं असं म्हणणारे भेटतात, मला ते पटत नाही. ज्यांचे आजे-पणजे मलाक्कातच पुरलेत त्यांना दुसरं घर होतं कुठे?

पण याच संस्थेच्या संस्थापकांपैकी डॉ. लिम बून केंग बघा. जन्म सिंगापूरचा, १८६९ चा, ब्रिटिशांच्या क्वीन्स स्कॉलरशिपवर एडिनबरोला डॉक्टर झालेले, सिंगापूरच्या लेजिस्लेटिव्ह कौन्सिलचे सभासद. आणि हाच माणूस पुढे १९२१ ते १९३७ चीनमधल्या शियामेन विद्यापीठाचा प्रमुख होता, कन्फ्युशियसचा कट्टर अभ्यासक. ते विद्यापीठ ज्यांनी स्वतःच्या पैशाने उभं केलं ते तान काह की हे शियामेनजवळच्या गावात जन्मलेले, सिंगापूरला रबरात पैसा केला, १९१६ मध्ये अर्ज करून ब्रिटिश प्रजा झाले, आणि १९५० मध्ये चीनला कायमचे परत गेले. कागद एक सांगतो आणि आयुष्य दुसरंच.

मी सिंगापूरच्या बुकिट ब्राउन दफनभूमीत शेजारच्या आजींबरोबर गेले होते. झाडी इतकी की थडगी शोधावी लागतात, आणि काही श्रीमंत थडग्यांच्या दोन्ही बाजूंना पगडीवाले शीख पहारेकरी दगडात कोरलेले उभे आहेत. आजींनी आपल्या सासऱ्यांच्या थडग्यावरचं शेवाळ हाताने पुसलं आणि वरची अक्षरं दाखवली. नावाच्या वर चीनमधल्या जिल्ह्याचं नाव होतं. म्हटलं, ते तिथले होते का? म्हणाल्या, नाही गं, ते इथेच जन्मले, तिकडे एकदाही गेले नव्हते, पण थडग्यावर मूळ गाव लिहायचं असतं. आपल्याकडे मुंबईत तीन पिढ्या काढलेला माणूस 'आम्ही मूळचे राजापूरचे' म्हणतो ना, अगदी तसंच. त्या उत्तरात कुठे निष्ठेचा प्रश्न नव्हता. प्रश्न सरकारांना पडला होता.

५. सिंगापूरला जन्मलेला चिनी चीनला गेला तर ब्रिटिश त्याला वाचवायचे का?

कधी हो, कधी नाही, आणि या 'कधी'पायी माणसं मेली.

नानकिंग तहानंतर अमॉय (आजचं शियामेन) बंदर उघडलं. स्ट्रेट्समधले बरेच चिनी मूळचे याच भागातले, त्यामुळे सिंगापूर-पेनांगला जन्मलेले लोक धंद्यासाठी तिकडे जायला लागले आणि ब्रिटिश कॉन्सुलकडे जाऊन नाव नोंदवायला लागले की आम्ही राणीची प्रजा. याचा फायदा मोठा होता, कारण पुढच्या तहांप्रमाणे ब्रिटिश प्रजेवर चिनी न्यायालयात खटला चालत नव्हता. चिनी अंमलदारांना हे दिसायचं कसं? समोर उभा माणूस आपल्यासारखा दिसतो, आपली बोली बोलतो, डोक्यावर वेणी, अंगात लांब झगा, त्याचे काका-मामा पलीकडच्या गावात राहतात, आणि अटक करायला गेलं की खिशातून इंग्रजीत लिहिलेला कागद काढतो. त्यांचा राग मला समजतो.

१८५१ मध्ये यातून वाईट घडलं. सिंगापूरला जन्मलेला तान किंग ही हा अमॉयला जार्डिन मॅथेसन पेढीत नोकरीला होता आणि तिथल्या लहान तलवार नावाच्या गुप्त संघटनेचा पुढारी होता. चिनी अधिकाऱ्यांनी त्याला पकडलं, ब्रिटिश कॉन्सुलने तो आमची प्रजा आहे म्हणून मागितला, आणि तो कोठडीतल्या छळाने मेला. चिन्यांच्या बाजूने तो बंडखोर चिनी होता, ब्रिटिशांच्या बाजूने राणीची प्रजा, आणि गोष्ट अशी की दोन्ही खरं होतं. दोनच वर्षांनी, १८५३ मध्ये, याच संघटनेने अमॉय शहर काही महिने ताब्यात घेतलं.

६. कपडे बदला तरच संरक्षण, असा नियम खरंच होता?

होता. १८६८ मध्ये पेकिंगचे ब्रिटिश राजदूत सर रदरफोर्ड आल्कॉक यांनी काढला. चिनी वंशाच्या ब्रिटिश प्रजेला चीनमध्ये संरक्षण हवं असेल तर चिनी पोशाख टाकायचा आणि परदेशी कपडे किंवा वेगळी ओळखू येईल अशी खूण वापरायची. विचार असा की लांबून बघितल्यावर चिनी शिपायाला कळलं पाहिजे हा कोण आहे ते.

कागदावर बरं वाटतं, पण जरा त्या माणसाच्या जागी उभं राहून बघा. आजी वारली म्हणून गावी चाललाय. तिथे कोट-पँट घालून, वेणी कापून गेला तर भाऊबंद दारात घेणार नाहीत, आणि चिंग राजवटीत वेणी कापणं म्हणजे उघड राजद्रोह. झगा घालून गेला तर कॉन्सुल म्हणणार आम्ही तुला ओळखत नाही. कोणता कपडा ट्रंकेत भरायचा यावर त्याचा जीव अवलंबून. हा नियम हळूहळू मागे पडला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत त्याच्याकडे फारसं कोणी बघत नव्हतं.

७. बाप सिंगापूरचा, पण मूल चीनमध्ये जन्मलं. मग ते कोण?

हा प्रश्न फार येतो, आणि बरोबरच आहे, कारण कित्येकांचं कुटुंब गावी आणि धंदा सिंगापूरला असायचा. ब्रिटिश कायदा नुसता मातीवर होता असं प्रश्न १ मध्ये लिहिलं ते सोपं करून लिहिलं होतं, त्याला रक्ताचीही एक बाजू होती. अठराव्या शतकातल्या इंग्लंडच्या कायद्यांनी बाहेर जन्मलेल्या मुलाला आणि नातवालाही बापाकडून प्रजेचा दर्जा मिळायचा. मूल औरस हवं आणि बापाकडूनच, आईकडून नाही. १९१४ च्या कायद्याने (तो १ जानेवारी १९१५ पासून लागू) हे एका पिढीवर आणलं, म्हणजे बाप स्वतः ब्रिटिश राज्यात जन्मलेला हवा. १९२२ मध्ये परत थोडं सैल केलं, पण जन्माची नोंद कॉन्सुलकडे करायची अट घालून. खेड्यात जन्मलेल्या मुलाची नोंद करायला शियामेनला जातंय कोण, त्यामुळे हक्क असून कागद नाही अशी पुष्कळ मुलं राहिली.

८. ॲरो जहाजाचं प्रकरण याच्यात येतं का?

येतं, फक्त तिथे राष्ट्रीयत्व माणसाचं नव्हतं, जहाजाचं होतं. ॲरो हे हाँगकाँगला राहणाऱ्या चिनी मालकाचं जहाज, खलाशी चिनी, नावापुरता ब्रिटिश कप्तान, आणि हाँगकाँगची नोंदणी. ८ ऑक्टोबर १८५६ ला कँटनमध्ये चिनी शिपायांनी चाचेगिरीच्या संशयावरून त्याचे १२ खलाशी पकडून नेले. कॉन्सुल हॅरी पार्क्स म्हणाले ब्रिटिश झेंड्याचा अपमान झाला. चिनी सुभेदार ये मिंगचेन म्हणाले जहाज चिनी, माणसं चिनी, तुमचा संबंध काय? आणि खरं तर जहाजाची नोंदणी २७ सप्टेंबरलाच संपलेली होती, हाँगकाँगचे गव्हर्नर बाउरिंग यांना ते माहीत होतं. तरी तोफा चालल्या आणि दुसरं अफू युद्ध पेटलं. लंडनच्या संसदेत मार्च १८५७ मध्ये सरकार यावर २६३ विरुद्ध २४७ मतांनी हरलं, पण पंतप्रधान पामर्स्टन यांनी निवडणूक घेतली आणि ते जिंकून परत आले. तान किंग ही हा ब्रिटिश प्रजा होता आणि वाचला नाही, ॲरोचा हक्क संपलेला होता आणि त्याच्यासाठी युद्ध झालं. या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा.

९. चीनमध्ये जन्मलेल्याला अर्ज करून ब्रिटिश होता यायचं का?

यायचं, पण मिळायचं ते अर्धवट. सुरुवातीला १८५२ चा हिंदुस्थानचा नॅचरलायझेशन कायदा (ॲक्ट ३०) स्ट्रेट्सलाही लागू होता, नंतर वसाहतीने स्वतःचे नियम केले. वसाहतीत मिळालेला दाखला मुळात त्या वसाहतीपुरता, बाहेर पडलं की त्याची किंमत घसरायची. वर इंग्लंडच्या १८७० च्या कायद्यात स्पष्ट होतं की असा माणूस आपल्या मूळ देशात गेला तर तिथे तो ब्रिटिश प्रजा धरला जाणार नाही, जोवर मूळ देशाने त्याला सोडलेलं नाही. आणि चीन तर सोडतच नव्हता (प्रश्न १४). म्हणजे जिथे दाखल्याची सगळ्यात जास्त गरज, नेमका तिथेच तो चालत नव्हता.

मग लोक ही उठाठेव करायचे कशाला? जमीन, धंदा, बोटीची मालकी, आणि मुख्य म्हणजे तडीपारीची भीती कमी व्हायची (प्रश्न १०).

१०. तडीपारीचा आणि राष्ट्रीयत्वाचा काय संबंध?

फार जवळचा. आपल्याकडे पोलीस गुंडाला जिल्ह्यातून तडीपार करतात, तिथे सरकार माणसाला देशातूनच तडीपार करायचं, कोर्टात खटला न चालवता. स्ट्रेट्समध्ये यासाठी १८८८ चा बॅनिशमेंट कायदा होता. अट एकच, माणूस परका पाहिजे. सिंगापूरला जन्मलेल्या ब्रिटिश प्रजेला असं हाकलता येत नव्हतं. म्हणून गुप्त संघटनांचे लोक, संपकरी, नंतर कम्युनिस्ट, कोणालाही पकडलं की पहिला प्रश्न जन्म कुठे झाला हाच. दाखला सापडला तर इथेच तुरुंग, नाही सापडला तर चीनची बोट. आणि चीनला कोण वाट बघत असेल यावर पुढचं सगळं.

हाँगकाँगमध्येही हेच. चिनी क्रांतीचे पुढारी सुन यात-सेन यांना १८९६ मध्ये हाँगकाँगमधून पाच वर्षांसाठी हद्दपार केलं, ते ब्रिटिश प्रजा नव्हते म्हणून ते सोपं गेलं. कागदाचं महत्त्व त्यांना इतकं कळलं होतं की १९०४ मध्ये त्यांनी हवाईत आपला जन्म झाल्याचा अमेरिकन दाखला मिळवला, प्रत्यक्षात जन्म क्वांगतुंग प्रांतातला. दाखला खोटा होता. पण कागद असेल तरच माणूस मोजणाऱ्या जगात लोक काय करतील, याचा विचार केल्याशिवाय मी त्यांना नावं ठेवणार नाही.

११. बायकांना काय नियम?

नवऱ्याचं जे तेच बायकोचं. मलाक्कात सात पिढ्यांचं घर असलेल्या बाबा मुलीने चीनमध्ये जन्मलेल्या तरुणाशी लग्न केलं की १८७० च्या आणि नंतर १९१४ च्या कायद्याप्रमाणे ती ब्रिटिश प्रजा राहत नव्हती, आपल्याच गावात परकी. आणि उलट, चीनमधून लग्न करून आणलेली मुलगी, जिला इंग्रजी-मलय काही येत नाही, ती नवरा ब्रिटिश प्रजा म्हणून आपोआप ब्रिटिश. १ जानेवारी १९४९ ला नवा कायदा लागू झाला तेव्हा लग्नाने नागरिकत्व जाणं थांबलं. तोपर्यंत कोणी त्यांना विचारलं नाही.

१२. क्वालालंपूर किंवा इपोहला जन्मलेले चिनी पण ब्रिटिश प्रजा ना?

नाही, आणि इथे भलेभले चुकतात. ती मलय सुलतानांची संस्थानं, ब्रिटिश संरक्षणाखालची. आपल्याकडचं कोल्हापूर किंवा बडोदा आठवा, कारभारावर इंग्रजांची नजर पण कागदावर राज्य महाराजांचं. तिथे जन्मलेला फार तर ब्रिटिश संरक्षित व्यक्ती, प्रजा नव्हे. आणि कथलाच्या खाणींमुळे सगळ्यात जास्त चिनी मजूर तिथेच जमा झालेले. सिंगापूरला जन्मलेला एक भाऊ ब्रिटिश, इपोहला जन्मलेला दुसरा नाही, अशी घरं होती.

हे भिजत घोंगडं महायुद्धानंतर अंगावर आलं. १ एप्रिल १९४६ च्या मलायन युनियनमध्ये ब्रिटिशांनी चिनी-भारतीयांना सढळ नागरिकत्व देऊ केलं, मलय लोक खवळून उठले, त्यातूनच उम्नो पक्ष निघाला. मग १ फेब्रुवारी १९४८ च्या फेडरेशनमध्ये अटी कडक केल्या, बाहेर जन्मलेल्याला २० पैकी १५ वर्षं राहिल्याचा पुरावा हवा. लगेच कम्युनिस्ट बंडामुळे आणीबाणी लागली आणि ज्यांच्याकडे कागद नव्हते अशा हजारोंना चीनला पाठवलं. मलय लोकांची भीती खोटी नव्हती, आपल्याच देशात अल्पसंख्य होण्याची होती. पण किंमत मोजली ती कथलाच्या खाणीत आयुष्य घालवलेल्या माणसांनी.

१३. दोन्हीकडचा असेल तर शेवटी कोणाचं चालायचं?

तुमचे पाय ज्या जमिनीवर, त्या सरकारचं. सिंगापूरला असाल तर चीनचा कॉन्सुल तुमच्यासाठी काही करू शकत नाही, चीनमध्ये असाल तर ब्रिटिश हात झटकणार. ब्रिटिशांचा व्यवहार आधीपासून साधारण असाच सरकत गेला होता, १९३० च्या हेग कराराच्या कलम ४ मध्ये तो लेखी आला. तिसऱ्या देशात, समजा सयाममध्ये किंवा जावात, मात्र ब्रिटिश पासपोर्ट नीट चालायचा.

१४. चिनी नागरिकत्व सोडून मोकळं होता येत नव्हतं का?

ब्रिटिश बाजू सोडणं सोपं होतं. १८७० पासून दुहेरी जन्मलेला माणूस सज्ञान झाल्यावर एक जाहीरनामा सही करून ब्रिटिश प्रजा असणं सोडू शकत होता. चिनी बाजू सोडायला १९०९ च्या कायद्याप्रमाणे चीन सरकारची परवानगी लागायची, आणि १९२९ च्या कायद्यानेही रक्ताचा नियम तसाच ठेवला. ज्याने चीन पाहिलाच नाही त्याने पेकिंगला कशाची परवानगी मागायची हेच त्याला कळत नव्हतं, त्यामुळे बहुतेकांनी काहीच केलं नाही.

१५. एकच माणूस ब्रिटिश कौन्सिलात आणि चीनचा अधिकारी, हे चालायचं कसं?

चालायचं, कारण दोघांनाही असा माणूस हवा असायचा. सिंगापूरचे हू आह के, ज्यांना सगळे व्हॅम्पोआ म्हणायचे, १८६९ पासून लेजिस्लेटिव्ह कौन्सिलात, ब्रिटिशांनी त्यांना सीएमजी किताब दिला, आणि चीनचे सिंगापूरमधले पहिले कॉन्सुल पण तेच. रशियाचे कॉन्सुल पण. १८८० मध्ये वारले, तेव्हा त्यांचा देह चीनला नेऊन पुरला.

दुसरे वू तिंगफांग. १८४२ मध्ये स्ट्रेट्समध्ये जन्म, म्हणजे जन्माने ब्रिटिश प्रजा, लंडनला बॅरिस्टर झालेले पहिले चिनी, १८८० मध्ये हाँगकाँगच्या लेजिस्लेटिव्ह कौन्सिलात पहिले चिनी सभासद. आणि नंतर चीनचे अमेरिकेतले राजदूत, पुढे प्रजासत्ताकाचे परराष्ट्रमंत्री. त्यांना कोणी कपडे बदलायला सांगितलं नाही. मोठ्या माणसाच्या दोन निष्ठा दोघांच्या सोयीच्या, हमालाच्या मात्र संशयाच्या.

१६. हा दुहेरी घोळ संपला कधी?

तुकड्यातुकड्यात. १९५५ मध्ये बांडुंग परिषदेच्या वेळी चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी इंडोनेशियाशी करार करून दुहेरी नागरिकत्व सोडायची तयारी दाखवली, बाहेरच्या चिन्यांना जिथे राहता तिथलेच व्हा असं सांगायला सुरुवात केली. १९५७ मध्ये मलाया स्वतंत्र झालं, त्याच वर्षी सिंगापूरने स्वतःचा नागरिकत्व कायदा केला आणि चीनमध्ये जन्मलेल्या सुमारे २,२०,००० लोकांना नागरिक व्हायची वाट मिळाली. १९८० च्या चीनच्या कायद्याने दुहेरी नागरिकत्व मान्य नाही असं पक्कं लिहिलं. हाँगकाँग मात्र राहिलं.

१७. हाँगकाँगचा बीएनओ (ब्रिटिश नॅशनल ओव्हरसीज) पासपोर्ट हा त्याच भांडणाचा भाग का?

हो, सरळ त्याच रेषेत. ब्रिटनने १९८३ पासून हाँगकाँगच्या लोकांना वेगळ्या वर्गात टाकलं, ज्यात ब्रिटनमध्ये राहायचा हक्क नाही. हाँगकाँग १९९७ मध्ये चीनला परत द्यायचा १९८४ चा करार झाल्यावर १९८७ पासून बीएनओ आला, मुलांना देता न येणारा. चीनने तेव्हाच सांगितलं की हाँगकाँगचे सगळे चिनी हे चीनचेच नागरिक, तुमचा पासपोर्ट आमच्यासाठी फक्त प्रवासाचा कागद. म्हणजे १९०९ चं रक्ताचं तत्त्व परत समोर. १९९० मध्ये ब्रिटनने ५०,००० कुटुंबप्रमुखांना पूर्ण नागरिकत्व दिलं, तेही चीनने मानलं नाही. ३१ जानेवारी २०२१ पासून बीएनओवाल्यांना ब्रिटनचा खास व्हिसा मिळतो.

न्यू टेरिटरीज भाड्याने घेतलेली होती, मग तिथे जन्मलेले? ब्रिटिशांनी १८९८ मध्ये तो भाग हाँगकाँग वसाहतीचाच अंश धरायचा हुकूम काढला, त्यामुळे तेही ब्रिटिश प्रजा.

आणि यात आपले लोक अडकले होते. हाँगकाँगमधले सिंधी, पारशी, शीख, पिढ्यान् पिढ्या तिथले. तिथल्या विद्यापीठाला पैसा देणारे होरमसजी मोदी मुंबईचेच. चीनने रक्ताने मोजल्यावर हे चिनी नाहीत, ब्रिटनने दिलेला कागद राहायचा हक्क देत नाही, आणि भारताचं नागरिकत्व कित्येकांकडे नव्हतं. शेवटी हस्तांतराच्या जेमतेम तोंडावर, १९९७ मध्ये, ब्रिटनने त्यांच्यासाठी वेगळा कायदा करून नागरिकत्व दिलं.

१८. आजोबांचा जन्म पेनांगचा असेल तर आज ब्रिटिश पासपोर्ट मिळतो का? मलेशियन मित्र विचारतोय.

मित्राला सांगा, आधी वकील गाठ आणि मलेशियाचं नागरिकत्व हातचं सोडू नकोस. पेनांग-मलाक्काच्या काही घराण्यांकडे १९५७ नंतरही ब्रिटिश दर्जा शिल्लक राहिला, तो पुढे ब्रिटिश ओव्हरसीज सिटिझन झाला, त्यात ब्रिटनमध्ये राहायचा हक्क नाही. २००२ नंतर काही जणांनी कोणाच्या तरी सल्ल्यावरून मलेशियाचं नागरिकत्व सोडून दिलं, दुसरं नागरिकत्व नसेल तर ब्रिटन घेईल या आशेने. पण ४ जुलै २००२ नंतर स्वतःहून सोडलं असेल तर ती सवलत लागू नाही असं कायद्यातच आहे. ते लोक ना इकडचे राहिले ना तिकडचे.

१९. भारतातल्या चिन्यांचं काय? महाराष्ट्रात होते का?

होते, आणि फार पूर्वीपासून. महाबळेश्वरला चायनामन फॉल्स सगळ्यांनी पाहिलाय, नाव कशावरून ते विचारत नाही कोणी. स्ट्रेट्समधून शिक्षा होऊन पाठवलेले चिनी आणि मलय कैदी तिथल्या तुरुंगात होते, १८६४ ला तुरुंग बंद झाला. अटींवर सोडलेल्या कैद्यांनी त्या भागात भाजीपाल्याचे मळे केले. शिक्षा देताना इंग्रजांनी त्यांचं राष्ट्रीयत्व विचारलं नव्हतं.

मुंबईत माझगावला १९१९ पासूनचं सी यूप कून हे चिनी देऊळ आजही आहे, क्वांगतुंगच्या चार जिल्ह्यांतून आलेल्या खलाशी आणि कामगारांचं. कलकत्त्याची वस्ती त्याहून मोठी. यांची इथे जन्मलेली मुलं प्रश्न १ च्या नियमाने ब्रिटिश प्रजा, आणि २६ जानेवारी १९५० ला आपल्या घटनेच्या कलम ५ ने, इथे जन्म आणि इथेच कायमचं घर असेल तर, भारताचे नागरिक. कागद मात्र पुष्कळांनी काढलेच नाहीत, कधी गरजच वाटली नाही.

मग १९६२ चं युद्ध झालं. त्या वर्षीच्या कायद्याने परकीयांवरचे निर्बंध अशा कोणालाही लावता आले, जो स्वतः, किंवा ज्याचे आईवडील, किंवा आजी-आजोबांपैकी कोणीही एक, आक्रमण करणाऱ्या देशाचा नागरिक किंवा प्रजा कधीही होता. आजोबा. म्हणजे १९०९ चा चिंग दरबाराचा रक्ताचा नियम या वेळी आपण लावला, आपल्याच नागरिकांना. सुमारे ३,००० माणसांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेलं, त्यात म्हातारी माणसं होती, शाळेतली मुलं होती. शेवटचे लोक तिथून १९६७ मध्ये बाहेर पडले, आणि बऱ्याच जणांची घरं-दुकानं तोपर्यंत दुसऱ्याच्या नावावर गेलेली होती.